चाचणीच्या आधीचा प्रश्न : माझं नाव कुठे जाणार?

(लोहगडवाडी, ता. मावळ, जि. पुणे येथे झालेल्या कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)





एचआयव्हीवर बोलायला डॉक्टर बोलवायला हवा होता, असं काहींना वाटलं असेल. आजाराबद्दल डॉक्टरांनीच बोलावं. पण मला दिलेला विषय माहितीचा आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एखादी माहिती कुठे तयार होते, कुठे साठते, कोणाकोणाच्या हाती जाते आणि कुठे फुटू शकते, हे शोधणं माझ्या रोजच्या कामात येतं. एचआयव्हीचा रिपोर्ट ही अशीच एक माहिती आहे. ती फुटली तर माणसाचं घर, नोकरी, लग्न सगळंच अडचणीत येतं.

हा विषय आत्ता घेण्याचं कारणही सांगतो. मागच्या बैठकीत आपल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एक सूचना मांडली होती. जमातींनी निकाहाच्या आधी मुलाचा आणि मुलीचा एचआयव्ही रिपोर्ट मागावा आणि तो निकाहाच्या कागदांसोबत ठेवावा, अशी ती सूचना. त्यामागची कळकळ मला समजते. नवऱ्याच्या आजाराची कल्पना नसताना लग्न झालेल्या आणि काही वर्षांत विधवा होऊन माहेरी परतलेल्या मुली आपल्यातल्या अनेकांनी पाहिल्या आहेत. त्यामुळे ही सूचना झटकून टाकण्यासारखी नाही. मी तिच्या विरोधात बोलणार आहे. पण नुसता विरोध करून थांबणार नाही, त्याऐवजी काय करता येईल तेही सांगणार आहे.

चाचणीने आता काय मिळतं

पूर्वी, म्हणजे १९९०च्या दशकात, माणसाने चाचणी करून घ्यायला फारसं कारणच नव्हतं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी परवडण्याजोगं औषध नव्हतं. हाती यायची ती फक्त बदनामी. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचे औषधोपचार, सुरू केले. २०१७ पासून धोरण असं आहे की रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की लगेच उपचार सुरू करायचे, प्रतिकारशक्ती घसरण्याची वाट बघायची नाही. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी घ्यावी लागते. वेळेवर सुरुवात केलेला माणूस जवळपास सगळ्यांसारखं आयुष्य जगतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे, आणि तिचा पुण्याशी संबंध आहे. इथून जेमतेम तासाभराच्या अंतरावर भोसरीला १९९२ साली 'राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था' या नावाने सुरू झालेली संस्था आहे. नऊ देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ही संस्थाही होती. एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी १,७६३ जोडपी त्या अभ्यासात होती. २०११ मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष असा, की उपचार लवकर सुरू केले तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते. पुढच्या अभ्यासांनी हे आणखी पक्कं केलं. औषध नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

म्हणजे आज चाचणीतून जीव वाचतो, आणि जोडीदारही वाचतो. तरीसुद्धा देशात एचआयव्हीसह जगणाऱ्या सुमारे २५ लाख लोकांपैकी जवळपास प्रत्येक पाचातल्या एकाला आपल्याला एचआयव्ही आहे हे माहीतच नाही. यातले सर्वाधिक लोक महाराष्ट्रात आहेत. चाचणी मोफत, औषध मोफत, मग माणूस जात का नाही? केंद्र लांब असणं, कामाचा खाडा होणं, आपल्याला काही झालेलं नाही असं वाटणं, ही कारणं आहेतच. पण आतलं कारण बहुतेक वेळा एकच असतं. चाचणीला निघण्याआधी माणूस स्वतःला विचारतो, "माझं नाव कुठे जाणार?"

नावाचे तीन मार्ग

या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरं असू शकतात. ती आपण नेहमी एकमेकांत मिसळतो.

पहिलं, निनावी. गरोदर बायकांच्या तपासणीसाठी घेतलेल्या रक्तातला उरलेला अंश सरकार वर्षानुवर्षं नाव-पत्ता काढून तपासत आलं. जिल्ह्यात साथ वाढतेय की कमी होतेय, याचा अंदाज त्यावरून बांधला जाई. यात कोणाचंच नाव फुटू शकत नाही, कारण ते मुळात ठेवलेलंच नसतं. आमच्या धंद्यात हाच सगळ्यात भक्कम उपाय मानतात : जी माहिती गोळाच केली नाही, ती चोरीला जात नाही. पण यात एक अडचण आहे. ज्या बाईचं रक्त पॉझिटिव्ह निघालं, तिला सांगायचं तर ती कोण हेच कोणाला माहीत नसतं. सरकारला आकडा मिळतो, बाईला उपचार मिळत नाही.

दुसरं, गोपनीय. सरकारी दवाखान्यातलं आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्र, या पद्धतीने चालतं. तिथे नाव, पत्ता, फोन घेतात, एक क्रमांक देतात. चाचणीआधी समुपदेशक बोलतात, संमती घेतात. रिपोर्ट त्याच माणसाच्या हातात देतात आणि पॉझिटिव्ह असेल तर एआरटी केंद्राशी जोडून देतात. नाव नोंदलेलं आहे, पण बंद कपाटात आहे. ते बाहेर जाणार की नाही, हे किल्ली असलेल्या माणसांवर अवलंबून.

तिसरं, नावासह वर कळवणं. क्षयरोगात असंच आहे. मे २०१२ पासून खासगी डॉक्टरांनीही क्षयरोग्याची नोंद सरकारला कळवणं सक्तीचं झालं. मार्च २०१८च्या अधिसूचनेने औषध दुकानदारांनाही त्यात आणलं आणि न कळवणाऱ्यांवर कारवाईची तरतूद केली. क्षयरोग हवेतून पसरतो. एका खोलीत झोपणाऱ्या घरच्यांची तपासणी तातडीने करावी लागते, म्हणून या नियमाला आधार आहे. एचआयव्ही शेजारी बसून, एका ताटात जेवून, हात मिळवून पसरत नाही. क्षयाचा नियम उचलून एचआयव्हीला लावा, असं जे म्हणतात त्यांनी हा फरक बघायला हवा.

गोव्यात काय झालं

नाव फुटलं तर काय होतं, याचं आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं आहे. म्हापशाजवळच्या पर्रा गावचा डॉमनिक डिसूझा हा तरुण नेहमी रक्तदान करायचा. दान केलेलं रक्त तपासलं गेलं, त्यात एचआयव्ही आढळला. ही गोष्ट त्याला एखाद्या डॉक्टरने शेजारी बसवून सांगितली नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये त्याला पोलिसांकरवी बोलावून घेतलं गेलं आणि म्हापशातल्या बंद पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात पोलीस पहाऱ्यात एकटं ठेवलं गेलं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात एचआयव्ही असलेल्यांना वेगळं ठेवण्याचं कलमच होतं. तो ६४ दिवस तिथे होता. त्याची आई लुसी डिसूझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात दाद मागितली. डॉमनिक घरी आला, पण न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं नाही. दरम्यान सरकारने कलमातली सक्ती सैल केली. डॉमनिकची नोकरी गेली. १९९२ मध्ये त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था सुरू केली आणि त्याच वर्षी तो वारला.

आता त्या वर्षीच्या म्हापशातल्या दुसऱ्या एखाद्या तरुणाचा विचार करा. त्याला स्वतःबद्दल शंका आहे. तो चाचणीला जाईल का? रक्तदान तरी करेल का? एका माणसाला कोंडून गोव्यातली साथ थांबणार नव्हती. पण ज्यांना शंका होती त्या सगळ्यांना मात्र एक धडा मिळाला : शंका असेल तर गप्प बसा.

त्याच १९८९ साली केंद्र सरकारने राज्यसभेत एड्सविषयी एक विधेयक आणलं होतं. डॉक्टरांनी रुग्णांची नावं कळवावीत, गरज पडली तर रुग्णांना वेगळं ठेवावं, अशा त्यात तरतुदी होत्या. विरोध झाला आणि १९९२ मध्ये ते मागे घेतलं गेलं. आपला देश नावं कळवण्याच्या रस्त्यावर पुढे गेला नाही, त्यामागे डॉमनिकसारख्या माणसांनी भोगलेलं आहे.

नावाची सक्ती आणि चाचण्यांची संख्या

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. "नाव कळवणं सक्तीचं केलं की लोक चाचणीला येणंच बंद करतात," असं सरळ विधान पुराव्यावर टिकत नाही. अमेरिकेत यावर वीस वर्षं वाद झाला. कोलोरॅडो राज्याने १९८५ मध्ये नावासह नोंद सुरू केली. काही राज्यांनी नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरून पाहिले. २००८ पर्यंत सगळी राज्यं नावासह नोंदीवर आली. सहा राज्यांतल्या सरकारी केंद्रांचा एक अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. नावासह नोंद सुरू झाल्यावर चाचण्यांची एकूण संख्या लक्षात येण्याइतकी घटली नव्हती, असं त्यात दिसलं.

पण दुसरीकडे ऑरेगॉन राज्यात १९८०च्या दशकातच निनावी चाचणीचा पर्याय दिला, तेव्हा मागणी सुमारे ५० टक्क्यांनी वाढली. सगळ्यात जास्त वाढ समलिंगी पुरुषांमध्ये होती. ज्यांना सर्वांत जास्त धोका, आणि नाव फुटलं तर ज्यांचं सर्वांत जास्त नुकसान, तेच लोक.

मला दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले की असं दिसतं : ज्याला विशेष काही गमवायचं नाही, तो नियम वाचतही नाही, चाचणी करून मोकळा होतो. ज्याला सगळंच गमवायचं आहे, त्याला नियमाची कुणकुण सगळ्यात आधी लागते. एकूण आकड्यात हा माणूस दिसत नाही, आणि आपल्याला नेमका त्याच्यापर्यंतच पोहोचायचं असतं.

याचा अनुभव घ्यायला अमेरिकेत जायची गरज नाही. मार्च २०२० आठवा. घरात विलग राहायला सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर महाराष्ट्रात शिक्का मारत होते. पॉझिटिव्ह आलेल्यांची नावं, सोसायटीच्या नावासकट, व्हॉट्सॲपवर फिरत होती. मग दिल्लीच्या मरकजची बातमी आली आणि रोजच्या सरकारी आकड्यांत तबलिगी जमातीचा वेगळा रकाना सुरू झाला. गल्लीगल्लीत याद्या फिरल्या, कोण गेलं होतं, कोण कोणाला भेटलं. तेव्हा आपल्या वस्त्यांतून ताप आलेली माणसं तपासणीला जायला घाबरत होती, हे आपण पाहिलं. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं म्हटलं. तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. यादी म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. मग आपणच आपल्या माणसांची यादी करावी का?

कायदा काय देतो

आपल्याकडे आता चांगला कायदा आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये संसदेने मंजूर केला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. कार्यकर्त्यांनी त्यातल्या पाच गोष्टी पाठ कराव्यात.

एक. माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. संमती म्हणजे दबाव, फसवणूक, गैरसमज यांच्याशिवाय दिलेली संमती. न्यायालयाचा आदेश, दान केलेल्या रक्ताची तपासणी, निनावी सर्वेक्षण असे मोजके अपवाद आहेत.

दोन. विश्वासाने कळलेली दुसऱ्याची एचआयव्हीविषयी माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. ज्या संस्थेकडे अशा नोंदी आहेत, तिने त्यांच्या सुरक्षिततेची व्यवस्था केलीच पाहिजे.

तीन. नोकरी, उपचार किंवा शिक्षण देण्यासाठी चाचणीची अट घालता येत नाही. हे अजून पुष्कळांच्या गावी नाही. मी एका कंपनीत रुजू होताना वैद्यकीय तपासणीचा फॉर्म आला, त्यात साखर, हिमोग्लोबिन यांच्या रांगेत एचआयव्हीही होतं. संमतीचा कागद वेगळा नव्हता. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "सर, ते पॅकेजमध्येच येतं." माझ्यासोबत त्या दिवशी वीसेक जण होते, कोणी काही बोललं नाही. नवी नोकरी लागत असताना कोण बोलेल? लेखी विचारल्यावर माझ्या फॉर्मवरून ती चाचणी काढली, बाकीच्यांची राहिली.

चार. न्यायालयात जायचं असेल तर खरं नाव लपवून, टोपणनावाने जाता येतं. हा रस्ता मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच मोकळा केला होता. एका सरकारी कंपनीने एचआयव्ही आहे म्हणून रोजंदारी कामगाराला नोकरी नाकारली. तो न्यायालयात 'एमएक्स' म्हणून उभा राहिला आणि जिंकला. कामाला तंदुरुस्त असलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीमुळे नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. खरं नाव द्यावं लागलं असतं तर ही केस उभीच राहिली नसती.

पाच, आणि हा मुद्दा नीट ऐका, कारण आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या काळजीचं उत्तर यात आहे. जोडीदाराला सांगण्याची सोय कायद्यात आहे. रुग्ण स्वतः सांगत नसेल आणि जोडीदाराला खराखुरा धोका असेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतात. त्याआधी रुग्णाला समजावून पाहायचं, मग आपण सांगणार आहोत याची त्याला कल्पना द्यायची, आणि जोडीदाराला समोर बसवून, समुपदेशन करूनच सांगायचं. ज्या बाईला हे कळल्यावर मारहाण होण्याची भीती आहे, तिच्या बाबतीत वेगळं संरक्षण आहे. म्हणजे माहिती ज्याच्या जिवाशी निगडित आहे, त्याच्यापर्यंत ती पोहोचवायची, गावापर्यंत नाही.

तक्रारीसाठी राज्याने लोकपाल नेमायचा आहे. त्याने तीस दिवसांत निर्णय द्यायचा, उपचाराची तातडी असेल तर शक्यतो चोवीस तासांत.

कायदा जिथे पोहोचत नाही

आता आपण बसलो आहोत त्या जागेबद्दल बोलू. लोहगड आणि विसापूरच्या मधली ही वाडी. शनिवार-रविवारी हजारो पर्यटक, सोमवारी पुन्हा तीच ओळखीची माणसं. इथल्या कोणाला चाचणी करायची तर गड उतरावा लागतो. मळवलीपर्यंत पायी दीड-दोन तास, नाहीतर कोणाची तरी गाडी. गाडी ज्याची, त्याला कळणार की आपण दवाखान्यात गेलो होतो. तिथे बाहेर बाकावर आपल्याच गावचं कोणीतरी बसलेलं असणार. आशाताई शेजारच्या घरातल्या. रिपोर्ट कपाटात कुलूपबंद असेल, पण आयसीटीसीच्या दारासमोरचा बाक कोणत्या कपाटात ठेवणार?

म्हणून माणूस लोकलने पुढे जातो, जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही अशा पुण्या-पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात. एक दिवसाची मजुरी बुडते. एकदा जाणं जमतं, पण औषधासाठी पुन्हा पुन्हा जायचं म्हटलं की खाडे वाढतात, गोळ्या चुकतात. पुस्तिका घरात कुठे ठेवायची, डबी कोणाच्या नजरेला पडली तर काय सांगायचं, याचा हिशोब रोजचा. जवळचं केंद्र सोडून माणूस जितके किलोमीटर लांब जातो, तितका आपल्यावरचा अविश्वास आहे, असं मी धरतो.

बायकांचं आणखी वेगळं. गरोदरपणात प्रत्येकीला चाचणी सुचवली जाते, त्यामुळे घरात पहिल्यांदा रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो तो पुष्कळदा सुनेचा. लागण नवऱ्याकडून झालेली असते. त्याची चाचणीच झालेली नसते, म्हणून बोट तिच्याकडे. सासूच्या मोबाईलवर लॅबची पीडीएफ आली की समुपदेशकाने घेतलेली सगळी काळजी वाया. माझ्या व्यवसायातल्या लोकांनी यावर विचार करायला हवा. घरात एकच फोन असतो हे लक्षात न घेता आपण 'रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवा' ही सोय बनवतो.

निकाहाआधीचा रिपोर्ट

आता मूळ सूचनेकडे येतो. लग्नाआधी चाचणीची सक्ती जगात करून पाहिलेली आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्याने १९८८ मध्ये लग्नाच्या परवान्यासाठी ती सक्तीची केली. पहिल्या सहा महिन्यांत ७०,८४६ जणांची चाचणी झाली. पॉझिटिव्ह निघाले आठ. लग्नाचे परवाने मात्र २२ टक्क्यांहून जास्त घटले, कारण जोडपी शेजारच्या राज्यात जाऊन लग्न करू लागली. पुढच्याच वर्षी कायदा रद्द झाला.

आपल्याकडे काय होईल? दुसऱ्या जमातीत निकाह होईल, किंवा ओळखीच्या लॅबमधून हवा तसा कागद येईल. ज्याला शंका आहे तोच पळवाट शोधणार. शिवाय निगेटिव्ह रिपोर्ट त्या दिवसापुरता असतो. लागण होऊन थोडेच दिवस झाले असतील तर चाचणीत ती सापडत नाही, आणि लग्नानंतर काय होईल याची हमी कोणताच कागद देत नाही. मुलीचे वडील मात्र कागद पाहून निर्धास्त होतील.

उलट बाजूचं गणितही बघा. समजा, १०,००० निरोगी दिसणाऱ्या तरुणांची चाचणी केली, आणि त्यांच्यात देशाच्या सरासरीइतकी, म्हणजे हजारी दोन, लागण आहे. खरे पॉझिटिव्ह वीस. चाचणी हजारात पाच वेळा निगेटिव्ह माणसाला चुकून पॉझिटिव्ह दाखवते असं धरलं, तर चुकीचे पॉझिटिव्ह जवळपास पन्नास. म्हणून सरकारी केंद्रात एका चाचणीवर निकाल देत नाहीत, तीन वेगवेगळ्या चाचण्यांनी खात्री करतात. गल्लीतल्या लॅबचा एकच कागद जमातीच्या टेबलावर आला, तर त्या पन्नास मुला-मुलींच्या बदनामीची जबाबदारी कोणावर?

आणि ज्याचा रिपोर्ट खरोखर पॉझिटिव्ह आहे, त्याचं काय? १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात म्हटलं होतं की अशा व्यक्तीचा लग्नाचा हक्क जणू स्थगित राहतो. डिसेंबर २००२ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की हे मतप्रदर्शन त्या प्रकरणात अनावश्यक होतं. आज उपचार घेणारी माणसं जोडीदाराला सगळं सांगून लग्न करतात, त्यांना एचआयव्ही नसलेली मुलं होतात. जमातीच्या वहीतल्या एका शब्दाने हे सगळं बंद होईल. वही कोणाच्या घरी असते, किती जण चाळतात, तेही आपल्याला माहीत आहे. त्या वहीला ना कुलूप, ना नियम, ना तिथे समुपदेशक. आणि 'रिपोर्ट नाही तर निकाह नाही' म्हटल्यावर मिळालेली संमती दबावाशिवायची म्हणता येणार नाही.

मग आपण काय करावं

मी चार कामं सुचवतो.

पहिलं, निकाहाच्या आधी मुला-मुलींना आरोग्याविषयी एकत्र बसवून बोलावं. थॅलेसेमिया, क्षय, एचआयव्ही, गर्भनिरोध, सगळं. दोघांनी मिळून, स्वतःच्या मर्जीने आयसीटीसीत जावं. रिपोर्ट एकमेकांना दाखवावेत, तिसऱ्या कोणाला नाही. जमातीने फक्त एवढं विचारावं, "तुम्ही दोघं याबद्दल बोललात का?" हो किंवा नाही, एवढंच उत्तर, आणि तेसुद्धा कुठे लिहायचं नाही. मुलीच्या बाजूने ठामपणे विचारणारं कोणी असलं, तर वहीपेक्षा तिचं जास्त रक्षण होईल.

दुसरं, प्रत्येक शाखेतल्या दोघांनी, एक बाई आणि एक पुरुष, जवळचं आयसीटीसी स्वतः बघून यावं. वेळ, खोली, समुपदेशक कोण, बाहेर किती गर्दी असते. १०९७ हा मोफत हेल्पलाइन क्रमांक पाठ असावा. कोणी विचारलं तर कारण न विचारता सोबत जावं. आणि स्वतःचीही चाचणी करून घ्यावी. त्या दारात जाणारे सगळे एकाच कारणाने जातात असं वाटायचं थांबलं, की त्या बाकावर बसणं सोपं होईल.

तिसरं, दवाखान्यात, नोकरीत, शाळेत कुठे संमतीशिवाय चाचणी झाली किंवा रिपोर्ट फुटला, तर लेखी तक्रार करायला मदत करावी. तक्रारीचा मसुदा मी करून देतो, त्यात टोपणनावाची जागा असेल. आपल्या फाइलमध्येही खरं नाव ठेवायचं नाही.

चौथं, आपल्यापासून सुरुवात. आपल्या व्हॉट्सॲप गटांवर मदतीची आवाहनं येतात, त्यात रुग्णाचा फोटो, नाव, रिपोर्टचा कागद असतो. मदत मागताना आजाराचं नाव आणि माणसाचं नाव एका मेसेजमध्ये येऊ द्यायचं नाही, असा नियम आजच करू या.

त्या सूचनेवर उद्या सकाळच्या सत्रात मतदान आहे. सूचना मांडणाऱ्या ज्येष्ठांशी मी काल रात्री बोललो. ते म्हणाले, "मला वही नको आहे, मला मुली वाचवायच्या आहेत." मलाही तेच हवं आहे. ज्या मुलाला स्वतःबद्दल शंका आहे, तो चाचणीला गेला तरच ती मुलगी वाचेल. आणि आपलं नाव कुठे जाणार हे त्याला पक्कं माहीत असेल, तरच तो जाईल. मतदान करताना त्या मुलाचा विचार करा, एवढीच विनंती.